‘पर’च्या पुढचं

चाळीसहून जास्त वर्षं जिच्याबरोबर संसार केला, त्या माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तिला तर नाहीच नाही — का, ते पुढे येईल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर वाचा, पण भेटल्यावर विषय काढू नका.

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायलो, एकदा खिडकी लावली, एकदा चष्मा पुसायचं फडकं शोधलं, जे खिशातच होतं. एवढं आहे तरी काय? खून नाही, चोरी नाही. एक वाक्य आहे. ते मी अर्धं लिहिलं आणि मग — नाही, असं नाही सांगता येणार. थोडं मागून यावं लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत एका कचेरीत कारकून होतो. गावातले रस्ते, नळ, घरं यांची कामं तिथे चालायची. कचेरीचं नाव कशाला सांगू? दोष माझा आहे, तिचा नाही. नोकरी तात्पुरती होती. दर काही महिन्यांनी मुदत वाढवून मिळायची आणि तोपर्यंत घास घशात अडकलेला असायचा. माझं गाव पडघ्याच्या पुढे, घरी भातशेती. आमच्या घरात टेबलापुढे बसून पगार घेणारा मी पहिला. तुम्हाला वाटेल, हा आता सबबी सांगणार. थोड्या सांगेन. मग मीच त्या खोडून टाकेन.

त्या वर्षी कवठीची आळी रुंद करायचं ठरलं. आळीच्या एका बाजूला आणि टोकाला लूमचे कारखाने झाले होते आणि कापडाच्या ताग्यांचे ट्रक आत वळायला जागा नव्हती. कवठाच्या झाडापासून कारखान्यांपर्यंत सरळ रस्ता काढायचा, असा नकाशा तयार झाला. नियम असा की आधी लोकांना विचारायचं. म्हणून भिंतीवर नोटीस चिकटवली, ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’, आणि रिक्षातून भोंगा फिरवला. मग ठरलेल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर एक टेबल, एक खुर्ची, एक रजिस्टर आणि मी. रजिस्टरात रकाने आखलेले: नाव, घर, हरकत, सूचना, सही किंवा अंगठा.

आदल्या दिवशी हेडक्लार्क म्हणाले होते, “हरकत आली की सुनावणी, सुनावणी आली की फेरपाहणी. जपून लिहा.” एवढंच म्हणाले. खोटं लिहा असं ते कधीच म्हणाले नाहीत, आणि आज त्यांच्या आड लपायची माझी इच्छाही नाही. बिचारे केव्हाच गेले.

लोक आले. शेजारच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक यूपीचा कामगार आला, पायरीवरूनच म्हणाला, “हमको कोई हर्ज नहीं, साहब, रस्ता बनाओ.” मी लिहिलं, ‘हरकत नाही’. ते खरं होतं. त्याला खरोखरच हर्ज नव्हता, भाड्याची खोली होती त्याची. कोणी घरापुढचा ओटा वाचवा म्हणालं, कोणी मोरीचं पाणी कुठे सोडायचं ते विचारून गेलं. मी लिहीत गेलो. चांगलं अक्षर होतं माझं, त्या दिवशीही चांगलंच होतं.

शेवटी पारूबाई आल्या.

चाळिशीच्या असतील. मूळच्या कोन गावच्या, लग्न होऊन आळीत आलेल्या, नवरा मागेच वारलेला. मुलगा बाहेरगावी कामाला, घरी सून आणि त्या. दोघी लूमसाठी कांड्या भरायच्या — मशीनपुढे बसून सुताच्या छोट्या नळ्या गुंडाळायच्या, दिवसभर. त्या फक्त स्वतःसाठी बोलायला आल्या नव्हत्या. आळीतल्या बायांनी त्यांना सगळ्यांच्या वतीनं पाठवलं होतं, कारण प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या सही करायला शिकल्या होत्या. वाचता येत नव्हतं. फक्त सही. पण आळीच्या दृष्टीनं सही करणारी बाई म्हणजे अर्धी वकीलच.

विषय नळाचा होता. आळीला एकच सार्वजनिक नळ, घरांच्या बाजूला, कवठाखाली. सकाळी तासभर पाणी यायचं. नकाशात तो नळ उचलून रस्त्याच्या पलीकडे, कारखान्याच्या भिंतीला नेला होता. म्हणजे उद्या हंडे भरायचे तर ट्रकच्या रस्त्यातून जा-ये. नळ जागच्या जागी दोन हात मागे घेतला असता तरी रस्ता झाला असता, तेवढी जागा होती. मी नकाशा पाहिला होता. मला माहीत होतं.

पारूबाई म्हणाल्या, “रस्ता करा भाऊ, आमची काय हरकत न्हाय. पर —”

आणि ‘पर’च्या पुढे त्या नळाचं बोलल्या. सगळं बोलल्या. मी शब्द न् शब्द ऐकला. लिहिलं काय? ‘हरकत नाही.’ आणि पूर्णविराम दिला.

थांबा. इथे मला म्हणता आलं असतं की मला समजलं नाही. शहरात वाढलेल्या कारकुनाला ते म्हणता आलं असतं. पण आमच्याकडे कोण बोलायला सुरुवात नकारानं करतं? माझी आई आयुष्यभर तशीच बोलली. शेजारीण मोठं पातेलं मागायला आली की म्हणायची, “न्या की, माझी काय हरकत हाय, पर सांजच्याला आनून द्या.” यातलं पहिलं वाक्य नुसतं दार उघडण्यासाठी असतं, बोलायचं ते ‘पर’च्या पुढे असतं. त्या ओट्यावर हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी त्यांच्याच भाषेत वाढलो होतो. म्हणूनच तर नेमकं कुठे थांबायचं ते मला कळलं.

का थांबलो? सांगतो. मला साडेपाचची पडघ्याची एसटी गाठायची होती. मुलगी बघायला जायचं होतं. रजिस्टरात हरकत लिहिली असती तर वेगळ्या कागदावर तीन प्रती, कार्बन घालून, बाईंना वाचून दाखवायच्या, मग सही. अर्धा-पाऊण तास सहज गेला असता. पारूबाई सही करत होत्या — पेन घट्ट धरून, जीभ दातांत धरून, ‘पा’चा काना ओढताना दोनदा थांबून — आणि मी घड्याळ बघत होतो. नियम होता वाचून दाखवायचा. मी म्हणालो, “झालं, बाई.” त्या हसल्या. केवढ्या खूश होत्या!

आता ही सबब खोडतो. सहाची एसटीही होती. मला वेळापत्रक पाठ होतं. सहाच्या गाडीनं गेलो असतो तर एवढंच झालं असतं की मुलीच्या वडिलांना मी थोडा उशिरा आलेला दिसलो असतो. तेवढ्यासाठी.

वेळेत पोचलो. लग्न ठरलं. आणि माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते, “हे वेळेचे फार पक्के हो. मला बघायला आले तेसुद्धा अगदी सांगितल्या वेळेला.” लोक कौतुकानं मान हलवतात. मी चहा पितो. दर वेळी मला उठून जावंसं वाटतं आणि दर वेळी मी बसून राहतो.

एवढंच असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. कंटाळा होता, घाई होती, तरुण होतो — माणूस स्वतःला सोडून देतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. तिच्याभोवतीच इतका वेळ घुटमळतोय.

काही आठवड्यांनी आळीत चुन्याच्या रेषा मारायला माणसं गेली. त्यांनी नळाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पारूबाई दोन बायांना घेऊन कचेरीत हजर. थेट मोठ्या साहेबांपुढे. भांडत नव्हत्या. म्हणत होत्या, “मी नळाचं सांगितलं व्हतं, त्या भाऊंना इचारा.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं — तक्रारीचं नाही. साक्षीदार दाखवावा तसं. त्यांना खात्री होती की मी त्यांच्या बाजूनं बोलणार.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. वाचलं. “ही सही तुमची?” “माजीच.” मग माझ्याकडे वळले, “या आणखी काही बोलल्या होत्या का?”

काम अजून सुरू व्हायचं होतं. नकाशावर पेन्सिल फिरवली असती तरी भागलं असतं. मी ‘हो, माझ्याकडून लिहायचं राहिलं’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? बोलणी बसली असती. मुदत वाढून मिळाली नसती, असंही झालं असतं. आणि लग्न महिन्यावर आलं होतं. हे सगळं डोक्यात यायला किती वेळ लागतो? काहीच नाही.

मी म्हणालो, “नाही साहेब. एवढंच म्हणाल्या, हरकत नाही.”

बरोबरच्या दोन बायांनी पारूबाईंकडे पाहिलं. पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार, शिव्या घालणार. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या आठवत होत्या. कपाळाला आठ्या घालून खरंच आठवू लागल्या की आपण त्या दिवशी काय बोललो. समोर शिकलेला माणूस, टेबल, रजिस्टर, खाली आपली स्वतःची सही. हळूच म्हणाल्या, “मंग मीच इसरले आसन.”

हा माझा गुन्हा. वाक्य अर्धं लिहिलं हा नाही. एका बाईला तिचं स्वतःचं बोलणं खोटं वाटायला लावलं, हा. त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू? सुटलो असं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटलो असंच वाटलं.

नळ पलीकडे गेला. रस्ता झाला, ट्रक सुरू झाले. मी कायम झालो. पुढच्याच वर्षी हंडा घेऊन येताना, मागून येणारा ट्रक चुकवायला गेल्या आणि पारूबाई पडल्या. खुबा मोडला. जीव वाचला, पण मशीनपुढे तासन् तास मांडी घालून बसणं कायमचं संपलं. कांड्या भरायला सून एकटी राहिली. आणि आळी? आळीनं त्यांना माफ केलं नाही. बाया म्हणायच्या, हिलाच सही करायची हौस, हिनंच आमचा नळ घालवला. पुढे पुढे तर त्यांचं नावच ‘हरकत न्हाय’ पडलं. पोरं लांबून ओरडायची. त्या ऐकून घ्यायच्या, कारण त्यांनाही तेच खरं वाटत होतं.

मी एकदा गेलो होतो. त्या पडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, मोसंबी घेऊन. सगळं सांगायचंच असं ठरवून. खाटेवर बसलेल्या होत्या, मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. सुनेला म्हणाल्या, भाऊंना पाणी दे. हंडा रिकामा होता. सून कळशी घेऊन रस्ता ओलांडून कारखान्यातून मागून पाणी घेऊन आली. दारातून मला ती येताना दिसत होती. दोन ट्रक मध्ये आले. ती थांबली, मग धावली. मी ते पाणी प्यायलो. हो, प्यायलो. पेला खाली ठेवला आणि तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या,

“तुमी कशाला वाईट वाटून घेता भाऊ? तुमी काय करनार? माज्याच तोंडानं घात केला. आता सुनंला सांगते, कुठं बोलायची पाळी आली तर आदी ‘पर’च्या पुडचं बोल.”

मग मी म्हणालो, “तब्येतीला जपा.” आणि निघालो. बाहेर येऊन चपला घालायला उगाच वेळ लावला. तरी परत आत गेलो नाही. चार पावलं होती फक्त.

पुढे माझी बदली कल्याणकडच्या कामावर झाली. पारूबाई गेल्याचं बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही दुसरंच काहीतरी बोलताना. ‘ती हो, हरकत न्हाय,’ असं सांगणारा म्हणाला, तेव्हा मला ओळख पटली. मी ‘अरेरे’ म्हणालो.

बायको आत्ताच डोकावून गेली. काय लिहिताय म्हणाली. काही नाही म्हणालो. बघा, अजूनही तेच.

ते रजिस्टर आता कुठे असेल कोण जाणे. वाळवीनं खाल्लं असेल, रद्दीत गेलं असेल. पण त्यातली ती ओळ कोणी पुरी केलेली नाही. ती इथे करतो. नाव: पारूबाई. घर: कवठीची आळी. दिवस मावळतीकडे झुकलेला, साडेपाचला वेळ होता. त्या स्पष्ट बोलल्या, अडखळल्या नाहीत, काही विसरल्या नाहीत. त्या म्हणाल्या:

“रस्ता करा भाऊ, आमची काय हरकत न्हाय. पर आमचा नळ हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. पल्याड नगा नेऊ. हंडे घेऊन गाड्यांमदून येताना आमच्यातली कोनतरी मरंल.”