सीव नूरेलियसने लिहिलेले व्होल्ट

१७८७ साली स्वीडनमधल्या युटर्बीच्या खाणीत एक काळा, जड दगड सापडला. टर्बियमसह चार मूलद्रव्यांना पुढे त्या गावावरूनच नावे मिळाली.

त्याच टर्बियमचे अणू पेरलेला सिलिकाचा पातळ थर २००६च्या वसंतात सीव नूरेलियसच्या देखरेखीखाली होता. वय एकसष्ट, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे तंत्रज्ञ. विजेचा ठरावीक प्रवाह सोडला की थर हिरवा उजळे. संगणक केवळ उजेड नोंदवी. व्होल्ट सीव रोज सकाळी पेन्सिलीने वहीत लिही. उजेड स्थिर होता. व्होल्ट चढत होते: तोच प्रवाह ढकलण्यासाठी रोज अधिक जोर लागत होता.

थर डॉक्टरेट करणाऱ्या हाम्पुस एकमार्कचा. सहाशे तासांच्या स्थिर उजेडावरून थर हजार तास टिकेल, हा हाम्पुसच्या प्रबंधाचा पाया. जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध विद्यापीठाच्या दालनातल्या फळीवर खिळ्याने ठोकायचा, अशी तिथली रीत. ठोकलेला प्रबंध कुणी उतरवत नाही. ठोकण्याच्या दिवशी कॉफीच्या टेबलाशी हाम्पुस हातोडी घेऊनच बसला होता.

"आज पुन्हा अर्धा व्होल्ट चढला," सीव म्हणाली.

"अगं सीव, तुला चढणारं सगळंच खुपतं. परवा लिफ्टलाही नावं ठेवलीस."

"अडकली की नाही मग लिफ्ट?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले.

"उजेड बघ ना! केसभर हललेला नाही."

"तो शेवटपर्यंत हलणार नाही रे. आत विद्युतभार साचतोय, एक दिवस थर फाडेल. आठवडाभर थांब, मग ठोक खिळा."

"परीक्षक ओस्लोहून निघायचेत. आता थांबलो तर घाबरला म्हणतील."

"म्हणू देत."

त्याने खिळा ठोकला. टाळ्या वाजल्या, सीव उपकरणाकडे परतली.

अकराव्या सकाळी थरावर पांढऱ्या ठिणग्या उडाल्या आणि हिरवा उजेड एका क्षणात गेला. आदल्या मिनिटापर्यंत संगणकावरची रेषा सरळ होती. हाम्पुसने वही चाळली.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"मार्चमध्येच दाखवलं होतं."

परीक्षा त्याने स्वतःच रद्द केली. उन्हाळ्याची सुटी लागली तरी प्रबंध फळीवरच होता.

वही पाहिल्याची हाम्पुसची सही तिच्यात कुठेही नाही. सीवने मार्चमध्ये वही दाखवल्याचे त्याला आठवत नाही. प्रबंधात व्होल्टचा आलेख नाही. ते आकडे त्याने पाहून वगळले की मुळात पाहिलेच नव्हते, हे ठरवता येत नाही. जळालेला नमुना कापून तपासला गेला नाही. म्हणून भार टर्बियमजवळ साचत होता की थराच्या कडेला, हेही अज्ञात आहे.