कारण सांगावं लागतं का?

इंदिरानगरात आमच्या समोर राहणाऱ्या काकू विनोद सांगण्याआधी स्वतःच हसून घ्यायच्या. त्यांच्या स्तनात कॅन्सरची छोटी गाठ निघाली. दवाखान्यात काका, काकूंच्या नणंदबाई आणि मी सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ काढून पुढे काही आठवडे रोज रेडिएशन घ्या, नाहीतर पूर्ण स्तन काढू. तुमच्या बाबतीत धोका दोन्हींत सारखाच.

काका घाबरून म्हणाले, "काढूनच टाकू."

नणंदबाई म्हणाल्या, "या वयात ठेवून करायचंय काय?"

"तुम्ही नाही का दात ठेवलेत?" काकू म्हणाल्या, आणि डॉक्टरांसमोर आम्हा दोघींना हसू आवरेना. नणंदबाईंनी तोंड मिटून घेतल्यावर तर जास्तच.

मग डोळे पुसत काकूंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, मला ठेवायचाय. कारण सांगावं लागतं का?"

"नाही."

"मग गाठ तेवढी काढा. अहो, रोज स्कूटरवर न्याल ना?"

काकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिना उतरेपर्यंत आम्ही दोघी खिदळत होतो.

रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी काकू स्कूटरवरूनच ओरडल्या, "संपलं गं!" काय संपलं ते न कळताच अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन टाळ्या वाजवू लागली.