एका थाऊचं ऊन

मी आयुष्यभर लेथवर लोखंड कातलं. माझं माप चुकलं असं कोणी म्हटलेलं मला आजही खपत नाही. एका माणसाने ते म्हटलं होतं. तो माणूस आता हयात नाही, पण माझं भांडण अजून आहे.

नागभीडकडच्या भाताच्या गिरणीत मोडके शाफ्ट दुरुस्त करता करता मी लेथ शिकलो, तेही कोणी न शिकवता. पन्नासच्या दशकात बल्लारपूरजवळच्या एका वर्कशॉपात पहिल्या दर्जाच्या टर्नरची जागा निघाली. पहिला दर्जा म्हणजे स्वतःचं मशीन, आणि काम कसं करायचं हे कोणी शेजारी उभं राहून सांगणार नाही. मला ती जागा हवी होती. सासुरवाडीला तर मी ती मिळाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

परीक्षा एवढीच, की तीन इंच जाडीचा एक शाफ्ट कातायचा. चूक अर्ध्या थाऊच्या आत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस दोन-तीन थाऊ जाड असतो.

"बारा वाजेपर्यंत द्या," फोरमन म्हणाला. तो बाहेरगावचा, मोजकं बोलणारा.

घासाघीस केल्याशिवाय मी वांगीसुद्धा घेत नाही. "बारा नाई साहेब, चार."

"काम तीन तासांचं आहे."

"मशीन माह्या ओळखीची नाई. तिच्याशी बोलाले वेळ लागते."

"दोन."

"तीन करा. तुमचा बी मान राह्यते."

तीन ठरले. मी साडेअकरालाच मोकळा झालो. कातलेला शाफ्ट, आमच्या भाषेत जॉब, गार करून मापला, तर तंतोतंत तीन इंच. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावा म्हणून तो बाहेरच्या ओट्यावर मांडला आणि झाडाखाली जाऊन बसलो. महिना मे होता.

तीन वाजता फोरमन आपल्या गार खोलीतून, पाणी मारलेल्या खसाच्या ताटीआडून, आपला मायक्रोमीटर घेऊन आला. जॉब आत आणवला, मापला, परत मापला.

"एक थाऊ जास्त."

"तुमचा मायक्रोमीटर खोटा आहे," मी म्हणालो. नोकरी मागायला गेलेल्याने पहिल्या दिवशी हे म्हणू नये, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तिथल्या म्हाताऱ्या फिटरला सगळे चाचा म्हणत. त्यांनी जॉबला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अबे, इस पे चाय रख. उबल जाएगी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "तापून फुगला, साहेब. अर्धा तास द्या."

"दहा मिनिटं."

"वीस."

वीस मिनिटांत चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, मे महिन्यात लोखंड गार करायचं कुठे? गार जागा एकच होती, ओलं पोतं गुंडाळलेला पिण्याच्या पाण्याचा रांजण. मी कोणाला विचारलं नाही. तेलकट जॉब दोरीने बांधून आत सोडला.

"भाऊ, आता आमी काय प्याचं?" मागून कोणीतरी म्हणालं.

वीस मिनिटांनी जॉब पुसून पुढे केला. फोरमनने सावकाश मापला. "तीन इंच. बरोबर."

"मंग लिहा पहिला दर्जा."

"दुसरा."

"काऊन? माप बरोबर आहे ना?"

"जॉब पहिल्या दर्जाचा आहे. पण पहिल्या दर्जाचा टर्नर मापाचा जॉब उन्हात ठेवत नाही."

"तीनची वेळ तुम्हीच मान्य केली."

"मागितली कोणी?"

यावर मी बराच आरडाओरडा केला. चाचा म्हणाले, "जॉब ठंडा हो गया. अब तू भी रांजण में बैठ."

फोरमनची आणखी एक अट होती. माझ्या नेमणुकीवर तो सही करण्याआधी मी रांजण घासून भरायचा. मी म्हणालो, नुसता भरतो. तो म्हणाला, घासून, तेही चिंचेने. मी म्हणालो, घासतो, पण राखेने, चिंचेने नाही. हे त्याने मान्य केलं. मी दुसऱ्या दर्जाचा टर्नर झालो, आणि सासुरवाडीला पुढची तीन वर्षं दर्जाचा विषय निघाला की उठून बाहेर जाऊ लागलो.

राखेने तेल पुरतं निघालं नाही. आठवडाभर पाण्याला वास येत होता आणि फोरमन घरून सुरई आणत होता. मी मात्र रांजणातलंच प्यायलो, त्याच्यासमोर उभा राहून, रोज दोन पेले.