न फिरवलेलं ताट

फिलिपीन्समधल्या दुमागेतेच्या धक्क्यावर बोटींतला माल मोजून उतरवून घेणारा आन्सेल्मो म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. त्याची बायको रोसेंदा घरीच शाळेचे गणवेश शिवायची. कोपऱ्यावर मीठ आणायला गेली तर तासाभराने परतायची, तेही मीठ विसरून. या दोघांनी एकोणतीस वर्षं संसार कसा केला, देव जाणे. पण केला, आणि सुखाने केला.

तिसाव्या वर्षी ठरलं, एकदा तरी आठवडाभर दोघांनीच कुठेतरी जायचं. मुलगी लग्न होऊन मनिलाला गेलेली, मागे ना कुत्रं ना मांजर. पण घोडं अडलंच. आन्सेल्मोला बोहोल बेट बघायचं होतं, आणि बघायचं म्हणजे एक दगड सुटता कामा नये. त्याने कॅलेंडरच्या मागे तारीख घालून यादी केली: साडेचारला उठणं, पाच दहाला रिक्षा, सहाची बोट, मग टेकड्या, नदी, चर्च, दुपारी वीस मिनिटं आराम. रोसेंदाला सिकिहोर बेटाच्या किनाऱ्यावर एक झोपडी घेऊन सात दिवस पाय पसरून बसायचं होतं. ही सुट्टी आहे की कवायत, असं ती विचारायची. बसायचंच असेल तर आपलं अंगण काय वाईट आहे, असं तो म्हणायचा. तीन महिने नुसती धुसफूस.

आमच्याकडे जेवण चालू असताना कोणी उठून बाहेर निघालं, की मागे जेवत राहिलेल्यांनी आपलं ताट जागच्या जागी एकदा गोल फिरवायचं असतं. मग जाणारा सुखरूप पोचतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आन्सेल्मो पाच मिनिटांत जेवायचा, रोसेंदाला पाऊण तास लागायचा. त्यामुळे एकोणतीस वर्षं ताट फिरवायचं काम तिच्याकडेच. तो त्याला खुळचटपणा म्हणायचा, पण ताट फिरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

त्या शनिवारी सकाळी सुका मासा आणि लसणीचा भात भराभर संपवून तो उठला आणि म्हणाला, तिकिटं काढून येतो, आठला खिडकी उघडते. कुठली तिकिटं, तर बोहोलची. रोसेंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून बोलणं व्हायचं होतं की! तिने मान खाली घातली आणि मुकाट्याने खात राहिली.

तो हातात हेल्मेट घेऊन दारात उभा राहिला.

"सेंदा, ताट."

"तुझ्या यादीत आहे का ते? किती मिनिटं ठेवलीस त्याला?"

त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, पण हलला नाही. रोसेंदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. चार मिनिटं झाली. होऊ दे उशीर, एकदा कळू दे, असं मनाशी म्हणत तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. शेवटी तो गेला. मोटरसायकल रोजच्यापेक्षा जोरात निघाली, ते तिला आतून ऐकू आलं.

खोबरेलाच्या घाण्याजवळच्या वळणावर कुठल्याशा ट्रकमधून वाळू सांडली होती. मोटरसायकल घसरली. रोसेंदाला बोलवायला माणूस आला तेव्हा तिचं ताट अजून तसंच होतं.

मग जो तो समजावायला लागला. पाद्रीबाबा म्हणाले, ताटाने कोणी मरत नाही आणि जगतही नाही. रोसेंदा काय खुळी होती?

"ताटाचं सोडा, फादर," ती म्हणाली. "तो जन्मात कधी कोणासाठी थांबला नाही. माझ्यासाठी चार मिनिटं थांबला, आणि तीच भरून काढायला पळाला."



चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि पुढच्याच आठवड्यात यादीतली तारीख आली. रोसेंदा साडेचारला उठली. आदल्या दिवशीच तिने शेजारच्या बेर्तोला रिक्षा आणायला सांगितलं होतं. सिकिहोर नाही, बोहोलच. टेकड्या, नदी, चर्च, सगळं त्याच्या वेळेवर बघायचं ठरवलं होतं. सवयीने तिने दोन ताटं मांडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं जेवण पाच मिनिटांत उरकलं. मग बॅग घेऊन ती दारात जाऊन उभी राहिली.

पाच दहाला रिक्षा आली. ती उभीच. आत टेबलावर त्याच्या ताटात भात तसाच होता आणि त्याच्यामागची खुर्ची रिकामी.

"ताई, चला ना, बोट चुकेल," बेर्तोने हाक मारली.

"थांब रे, अजून ताट फिरलं नाही."

बेर्तो काय ते समजला. त्याने इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळाने रोसेंदाने बॅग खाली ठेवली, आत येऊन आपल्या जागेवर बसली, आणि रिकाम्या दाराकडे बघत दोन्ही हातांनी आपलं ताट सावकाश गोल फिरवलं.