राउटरच्या जागी मिक्सर

लग्नाचे फोटो काढून माझं पोट चालतं. पण माणसं माझ्याकडे परत येतात ती घरातलं कुणी गेल्यावर. भिंतीवर लावायला फोटो लागतो आणि तो बहुतेक कुणाच्या तरी हळदीत सापडतो. म्हणून लोणखेड्याच्या घरी, मागच्या खोलीत, मी एक सर्व्हर ठेवलाय. वीस वर्षांची लग्नं त्यात आहेत.

गेल्या उन्हाळ्यात कळसाडीची एक बाई नवऱ्याचा फोटो मागायला आली. लेकीच्या लग्नात तो फेटा बांधून उभा होता, मला चांगला आठवत होता. पण आदल्या आठवड्यात लाइट गेली तेव्हा डिस्क चालता चालता बंद पडली होती आणि नेमकं तेच लग्न उघडेना. शेवटी बाई आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेऊन गेली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, यापुढे एकही चेहरा विजेच्या लहरीवर सोडायचा नाही.

नेटवर्कला जोडता येणारा युपीएस आणला. लाइट गेली की तो राउटरमार्फत सर्व्हरला कळवतो. बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपलं काम आवरून नीट बंद होतो आणि मला फोनवर निरोप येतो. निदान पुस्तिकेत तरी असंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी घराचा मेन स्विच बंद केला आणि बसलो वाट बघत. निरोप नाही, काही नाही. बॅटरी संपली आणि सर्व्हर धाडकन पडला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, राउटर भिंतीच्या विजेवरच राहिला होता. निरोप्याच आधी मेला, तर निरोप पोचवणार कोण? स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि राउटरही बॅटरीवर घेतला. मग तीनदा प्लग उपसून पाहिला, तिन्ही वेळा सगळं सुरळीत.

चौथ्यांदा लाइट खरीच गेली. मी ओट्यावर होतो. मागच्या खोलीतून आधी मिक्सरची घरघर ऐकू आली, मग युपीएसची किंकाळी, मग सगळं चूप. धावत गेलो. आई जमिनीवर मिक्सर घेऊन बसलेली, भांड्यात अर्धवट वाटलेले शेंगदाणे आणि मिरच्या. राउटरची पिन काढून तिनं तिथं मिक्सरची लावली होती. युपीएसला तो भार पेलला नाही, त्यानं मान टाकली.

"माय, हाई काय कयं तू?" मी ओरडलोच.

"माले काय माहीत? आख्खा घरमा त्या एकच खोकामा लाइट व्हती!"

तिचं तरी काय चुकलं? लाइट आहे तोवर काम उरकून घ्यायचं, यातच तिचा जन्म गेला. पाणी, दळण, वाटण, सगळं विजेच्या वेळेवर. पण मी तापलेलो होतो. कळसाडीच्या बाईची सगळी हकिगत तिला त्याच चढ्या आवाजात ऐकवली. तिनं मिक्सरची पिन काढली आणि विचारलं, "मन्हा फोटो शे का त्यामा?"

लाइट आली, डिस्क वाचली होती. आईचा फोटो आहे का, ते मी शोधत बसलो. बहिणीचं लग्न, पुतण्याचं, भाचीचं. आई सगळीकडे होती. कुठे पाठमोरी, कुठे पंगतीत वाढणारा तिचा नुसता हात. पूर्ण चेहरा एकातही नाही. दुसऱ्यांच्या आयांना 'मान जरा वर करा' म्हणत मी गावोगाव फिरलो, हिला कधी म्हटलंच नव्हतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. नुसती शरम वाटत राहिली.

कॅमेरा उचलला. "थांब, हात धुईसन येस," ती म्हणाली. ओट्यावरच्या उजेडात बसवून तिचा फोटो काढला आणि सर्व्हरवर चढवला. मग भिंतीतला प्लग पुन्हा उपसला. आई दाराशी उभी राहिली. फोनवर निरोप आला. बॅटरी उतरत आली तसा सर्व्हर आपला आपण बंद झाला. प्लग लावला. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तसा मी तिचा फोटो उघडून बघितला.

"शे का?" तिनं विचारलं.

"शे, माय."