तलावातलं काळं तेल

मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या गावच्या तलावात काळ्या तेलाचा टँकर उलटला. मावला गावाच्या पुढे, बांधावरचा रस्ता जिथे एकदम वळतो... तिथेच. ड्रायव्हरचा पाय मोडला, त्याला आधी ऑटोने दवाखान्यात पाठवलं. टँकर मात्र अर्धा पाण्यात, आणि झाकणातून तेल वाहतंय.

मी आत्याच्या मुलाच्या लग्नासाठी गावी आलो होतो. नोकरी विशाखापट्टणमला, बंदरात. जहाजातून समुद्रात तेल सांडलं की ते गोळा करणाऱ्या ठेकेदाराकडे नऊ वर्षं काम करतोय. आमचं गाव समुद्रापासून लांब, आत कापसाच्या पट्ट्यात; इथे समुद्र फारसा कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे माझं काम ऐकून लोक हसायचे... पाण्यातून तेल काढतो म्हणे!

त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्या तलावावर गुरं पाणी पितात, काठच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरतं. आणि तलावात मासे सोडलेले होते, राजन्नाचे. राजन्ना आमचा मासेमार, घरात तेलुगू, आमच्याशी आमच्यासारखंच बोलतो. तो गुडघाभर पाण्यात नुसता उभा होता.

बंदरात अशा वेळी पहिलं काम म्हणजे तेल पसरू न देणं. त्यासाठी बूम असतो... पाण्यावर तरंगणारं लांबच लांब कुंपण, खाली झालर लोंबणारी. त्याने तेल अडवायचं, मग स्किमर नावाच्या मशीनने वरचा थर ओढून घ्यायचा, उरलेलं पॅडने टिपायचं. इथे यातलं काहीच नव्हतं.

मग बांबू एकमेकांना बांधले, त्यांना रिकामे प्लॅस्टिकचे कॅन अडकवले. खताच्या पोत्यांची झालर केली, खाली दगड बांधले. दोनेक तासांत बरंचसं तेल एका कोपऱ्यात अडलं. पण टिपायचं कशाने? गवत टाकून पाहिलं... ते पाणी पिऊन खाली गेलं.

शेजारच्या शांताकाकू काठावरून हे बघत होत्या. त्या जिनिंग मिलमध्ये कामाला आहेत. म्हणाल्या, "काऊन गवत टाकून राह्यला बाबू? मिलमधी मशीनचं तेल सांडलं का आमी कच्च्या रुईनंच पुसतो. ते पानी पेत नाही, तेल पेते."

खरं होतं. न धुतलेल्या रुईवर मेणाचा थर असतो. नऊ वर्षं मी बाहेरून आलेले महागडे पॅड वापरतोय, आणि कापसाच्या जिल्ह्यात जन्मूनही मला हे सुचलं नव्हतं... लाजच वाटली.

मिलच्या मागे टाकाऊ रुईचा ढीग पडलेला असतो. बाया पोती भरभरून आणू लागल्या. राजन्नाने न सांगता आपली जाळी आणली. त्यांत रुई ठासून लांब लांब वळकट्या केल्या, पाण्यावर सोडल्या. तेल लागलेलं जाळं पुन्हा कामाचं राहत नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

पांढऱ्या वळकट्या काळ्या होऊन येत होत्या. त्या ड्रममध्ये पिळायच्या, पुन्हा सोडायच्या. दुपारपर्यंत कोपऱ्यातला जाड थर निघाला...

आणि मग एक साहेब आले. कोणत्या खात्याचे ते मुद्दाम लिहीत नाही. चार वाजता त्यांचे मोठे साहेब पाहणीला येणार होते, यांना काळजी तेवढ्याचीच. कपडे धुण्याच्या पावडरची पोती उतरवली, पाण्याच्या टँकरमध्ये कालवली, आणि पूर्वेच्या काठावर पाइपने मारा सुरू!

मी हात जोडून समजावलं. साबणाने तेल फुटतं, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं. समुद्रात यासाठी खास औषध असतं, तेसुद्धा खोल पाण्यात, परवानगी घेऊन मारतात. इथे पाणी उथळ, शेजारी विहीर. म्हणालो, "साहेब, तेल दिसेनासं होईल. जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. "समंदर का काम समंदर में करो," म्हणाले, आणि पाइप आमच्या कोपऱ्याकडे वळवायला सांगितला.

तेव्हा शांताकाकू पाण्यात उतरल्या आणि बांबूंच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे बाकीच्या बाया, मग राजन्ना. काकू शांतपणे म्हणाल्या, "मारा आता आमच्यावर." पाइप धरणाऱ्या माणसानेच नळ बंद केला.

पण पूर्वेचा काठ फवारून झाला होता. मोठ्या साहेबांनी तिथेच उभं राहून फोटो काढून घेतला. पाणी कसं स्वच्छ दिसत होतं...

गुरुवारी त्याच काठाला मासे उलटे होऊन तरंगले. आमच्या कोपऱ्यातही मेले, पण थोडे. राजन्ना ते सगळे टोपल्यांनी काढून पुरत होता. विहीर आम्ही गावकऱ्यांनीच बंद केली. तेलकट रुईचे ड्रम अजून बांधावर पडून आहेत, न्यायला कुणी येत नाही. आणि साहेबांच्या अहवालात काय लिहिलंय? किरकोळ गळती, तातडीने सफाई, नुकसान नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एक चूक माझीही आहे, ती लपवणार नाही. बंदरात आम्ही हातमोज्यांशिवाय कुणाला तेलाजवळ जाऊ देत नाही. इथे घाईत मी बायांना उघड्या हातांनी रुई पिळू दिली. त्याबद्दल काकूंची माफी मागितली, तर म्हणाल्या, तू नसता तर आमाले काय समजलं असतं.

काल चौकशीसाठी अर्ज लिहिला. गावातली शिकलेली माणसं 'बघू, उद्या' करत होती. पहिली सही शांताकाकूंनी केली. तेलाने हातांची कातडी सोलवटलीये, बोटं सुजलीत, चिमटीत पेन ठरत नाही, म्हणून मुठीत धरून केली. वाकडी आहे, पण नाव पूर्ण आहे. 'नुकसान नाही' लिहिणाऱ्या साहेबांनी ती सही एकदा नीट बघावी.