माफी त्याच यादीला

"आरक्षणातून सीट मिळते हो, लॉजिक मिळत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. सोमवार, सकाळचे दहा वीस. हिंजवडीतलं आमचं ऑफिस, चौथा मजला. बोलणारे आमचे मॅनेजर. ते आणि मी सोडून खोलीत नऊ माणसं. पाच जण हसले. चौघे लॅपटॉपमध्ये बघत राहिले.

खासगी कंपनीत आरक्षण नसतं. मी मुलाखतीच्या चार फेऱ्या देऊन आलो. एकोणीस वर्षं हेच काम करतो. जातही कुणाला सांगितली नव्हती. नव्या घरात बुद्धवंदना ठेवली, टीमला बोलावलं. त्यांनी भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो पाहिला. तेवढं पुरलं.

काम सांगतो. आमचं गिऱ्हाईक औषधं पुरवतं. दवाखान्याची ऑर्डर म्हणजे आमच्यासाठी एक संदेश. पहिल्या नियमाने तो तीन ठिकाणी जातो. गोदाम, बिलिंग, वाहतूक. औषध थंड ठेवायचं असेल, तर पुढच्या नियमाने चौथी प्रत शीतगाडीकडे. असे सव्वीस नियम मी लिहिलेत. याला राउटिंग म्हणतात. प्रत्येक ठिकाणाहून पोच येते. नाही आली, तर संदेश पुन्हा जातो. येईपर्यंत जातो.

त्या शनिवारी चौथी प्रत निघालीच नाही. इन्सुलिनची खोकी साध्या गाडीतून दिवसभर उन्हात फिरली. सगळा माल फेकून द्यावा लागला. म्हणून सोमवारची मीटिंग, म्हणून ते वाक्य. आणि अकरा वाजता मॅनेजरांचा मेल, माझ्या नावानिशी. "अक्षम्य निष्काळजीपणा. यांना राउटिंगच्या कामावरून काढलं आहे." मेल एक्केचाळीस जणांना. मी मोजले. त्यात गिऱ्हाइकाचे सात.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. मुलगी बारावीला आहे. या वयात, असल्या मेलनंतर, मला दुसरीकडे कोण घेणार?

डबा तसाच ठेवला आणि बदलांची नोंद उघडली. शुक्रवार, संध्याकाळी सहा बेचाळीस. 'सगळे नियम तपासा' हे काढून कुणीतरी 'पहिला नियम लागू पडला की थांबा' असं केलं होतं. म्हणजे थंड औषधाच्या नियमापर्यंत संदेश पोचणारच नाही. मी त्या दिवशी सहा दहाची कंपनीची बस धरली होती. बदलापुढे नाव मॅनेजरांचं.

कागद छापून त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी वाचला. उठून दार लावून घेतलं.

"अहो, बसा ना. गिऱ्हाइकाला वेग दाखवायचा होता. गडबडीत परत फिरवायचं राहिलं. सॉरी. झालं? चहा घेणार?"

"सर, मेल एक्केचाळीस जणांना गेला. सॉरी मला एकट्यालाच?"

"मग काय, लक्ष्मी रोडवर दवंडी पिटू?"

"दवंडी पिटून झाली आहे. आता दुरुस्ती त्याच यादीला पाठवा."

"तुम्हा लोकांना कशातही मोर्चाच लागतो." ते हसले. "अप्रेझल जवळ आलंय. जरा शहाण्यासारखं घ्या."

लावलेल्या दाराकडे पाहिलं आणि शाळा आठवली. यवतमाळकडचं गाव, पाचवीचा वर्ग. गुरुजींनी अडतीस पोरांसमोर मला घड्याळचोर म्हटलं. घड्याळ त्यांच्याच पिशवीत निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेमागे नेलं, हातात एक पेन्सिल ठेवली. "विसरून जा," म्हणाले. मी "बरं गुरुजी" म्हणालो. पेन्सिल घेतली. शाळेमागे मी निर्दोष होतो. वर्गात सातवीपर्यंत चोर.

"चहा नको," म्हणालो आणि उठलो.

त्यांच्याच मेलला उत्तर लिहिलं. चार ओळी. दिवस, वेळ, बदल, बदलणाऱ्याचं नाव. नोंद जोडली. विशेषण एकही नाही. विशेषण दिसलं की लोक त्यावरच भांडत बसतात. यादी दोनदा मोजली. एक्केचाळीस. पाठवलं.

मला आनंद झाला. लपवत नाही. काचेपलीकडे त्यांचा चेहरा उतरत गेला. मी खुर्ची वळवून तो नीट पाहिला. त्यांचा फोन तीनदा आला, तीनदा वाजू दिला. वाचल्याची पोच मागितली होती. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस आल्या. दोघे रजेवर होते. ते परतले त्या सकाळी त्यांना पुन्हा पाठवला.

बुधवारी राउटिंगचं काम माझ्याकडे परत आलं. लोक म्हणाले, झालं की आता, सोडा.

पण ते वाक्य मेलमध्ये नव्हतं. ते खोलीत होतं. तक्रार समितीला मी ते शब्दशः लिहून दिलं, सोबत नऊ नावं. आठ जणांना काही ऐकूच आलं नव्हतं. टीममधली सायली तेवढी आली. वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी.

"सर, मी ऐकलं. पण मी हसलेही होते. तेही लिहू?"

"लिही."

तिने लिहिलं. खाली सही केली.

परवा मॅनेजरांचा निरोप आला. बाहेर कुठेतरी भेटू, कॉफी घेऊ, मनापासून माफी मागतो.

मी कळवलं, चौथ्या मजल्यावरची तीच खोली. तेच नऊ जण. माफी उभं राहून मागायची, आणि आधी ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायचं. आठच जमले, तर मी ऐकणार नाही. नववा येईपर्यंत पुन्हा बोलवीन.